वामननानांचा मिटणारा पंखा

वामननानांना पोहता येत नव्हतं, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. तरीही शिडाच्या बोटीचा पंखा दुरुस्त करणारा त्यांच्यासारखा माणूस मला दुसरा भेटला नाही. पाण्याखाली फिरणारा तो पितळी पंखा टेबलावर आला, की नाना आधी डोळे मिटायचे आणि एकेक पातं चिमटीत धरून हलवून बघायचे. केसभर ढिलं लागलं तरी भुवई वर जायची. "डोये लबाड असतात," म्हणायचे, "बोटं नही."

नाना असोद्याचे. घरची केळी धाकटे भाऊ बघायचे; नाना रोज मोटरसायकलवर जळगावात आमच्या वर्कशॉपमध्ये यायचे. आमचं म्हणजे त्यांचं आणि माझं. मी धुळ्याची, लग्नानंतर इकडे आले. लेथवरचं काम माझं, जुळणीचं त्यांचं. रोजची गिऱ्हाइकं म्हणजे पाण्याचे पंप आणि जिनिंगची मशिनं. पंखा आणला तो धुळ्याच्या एका डॉक्टरांनी. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली होती, ती कोकणातल्या एका खाडीत असे. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली, की पंखा उतरवून गाडीच्या डिकीतून ते थेट आमच्याकडे येत.

हा पंखा साधा नव्हता. इंजिन चालू असताना त्याची तीन पाती वळून पाणी ढकलत. इंजिन बंद करून शिडावर निघालं, की तीच पाती मिटून पाण्याच्या धारेत सरळ उभी राहत, म्हणजे बोटीला अडवत नसत. नाना म्हणत, "जू उतरलं की बैलानं आंग ढिलं सोडलं पाह्यजे, तसंच हे." मी वरवर ग्रीस लावलं की ओरडायचे, "ते तूप नही पोळीवर लावायले! आत गेलं पाह्यजे." आणि डॉक्टरांना दर वर्षी बजावायचे, "पुढचा गिअर काढून एकदम मागचा टाकू नका. मधी थांबा. त्याले दम घेऊ द्या."

अडुसष्टाव्या वर्षी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून जुळणी मी केली. पात्याच्या बुडावरची खूण आतल्या गिअरवरच्या खुणेसमोर आणायची असते. दोन पाती नीट बसली. तिसऱ्याची खूण झिजलेली होती. मी अंदाजानं बसवलं. "खुणा पाह्यल्या?" नानांनी विचारलं. "पाहिल्या," मी म्हणाले.

पंखा बोटीला चढला आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना फेरीला बोलावलं. किनाऱ्यावर नाना चपला काढून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं पानी, अन् केयीले एक थेंब कामाचा नही!"

खाडीतून बाहेर पडताना इंजिन जेमतेम पाच मिनिटं, तेही अगदी हळू चाललं. तेवढ्यात माझ्या तळपायाला बारीक थरथर लागली. ती तिसरी खूण आठवली. पण डॉक्टर खुशीत होते, नाना समुद्राकडे बघत होते. इंजिन जुनं आहे, असं मी स्वतःला समजावलं. शिडं उभी राहिली, इंजिन बंद झालं, थरथर थांबली. मीही समुद्राकडे बघायला लागले.

परतताना दुपार कलली होती. खाडीच्या तोंडाशी डोंगराच्या आडोशाला वारा पडला. ओहोटीची धार आम्हाला मागे ढकलत होती आणि मागे काळे खडक होते. तळही खडकाचा, टाकलेला नांगर नुसता घासत राहिला. डॉक्टरांनी तो ओढून घेतला, इंजिन लावलं, वेग वाढवला, आणि अख्खी बोट हादरायला लागली. कपाटातली भांडी खाली आली. मी तळाची फळी उचलून पाहिलं, तर पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या कडेनं पाणी आत येत होतं.

डॉक्टरांच्या तोंडून एकदम धुळ्याची बोली निघाली. "नाना, बठ्ठं गयं आते!" सगळं गेलं आता, म्हणाले.

नाना गुडघ्यांवर बसले आणि उघड्या फळीशेजारी तळहात टेकला. "एक पातं बाकीच्यांशी भांडून राह्यलं."

"नाना, तिसरी खूण मी पाहिली नव्हती," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टर, वेग कमी करा."

"कमी केला तर धार मागे नेईल!"

"वाढवला तर शाफ्ट तुटंल. मंग काहीच नही राह्यनार. धारेशी झुंजू नका. बोटीचं नाक धारेकडं ठेवा, अन् तिरपं त्या वाळूच्या अंगाले सरकू द्या. मामाच्या गावी तापीच्या पुरात नाव अशीच नेत."

डॉक्टरांनी सुकाणू जरासं वळवलं. नाना तळहातानं हादरा मोजत होते. "अजून थोडा. बस. आता वाढवू नका." मी बादलीनं पाणी उपसत होते. खडक इतके जवळ आले, की त्यांच्यावरचे खेकडे दिसत होते. बोट मागे जात होती, पण कडेलाही सरकत होती. मग धार सैल झाली. वाळूच्या बाजूला नांगर टाकला, तो रुतला. नानांना उठताच येईना. आम्ही दोघांनी धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी एका मच्छीमाराच्या होडीनं आमची बोट किनाऱ्याला ओढत नेली. नानांनी पंखा उघडला. तिसरं पातं गिअरच्या एका दातानं चुकलं होतं. बोटीवरचं माझं बोलणं इंजिनच्या आवाजात डॉक्टरांना ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "कुणी जुळवला हा?"

"माझ्या दुकानातून गेला, म्हनजे मीच," नाना म्हणाले.

नंतर मला बाजूला घेऊन एवढंच बोलले, "खूण चुकली, त्याचं काही नही. जाताना तुले हादरा कयला व्हता ना? तवाच बोलाचं."

परतीच्या वाटेवर धुळं जवळ आल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, ती पाच मिनिटंसुद्धा. त्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर नाना डोळे मिटून होते.

"पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच आणीन," डॉक्टर म्हणाले. "पण नाना असतील तरच."

"मी नसलो तरी आना," मागून आवाज आला. "आता तिले बोलता येते."

पुढच्या पावसाळ्यात नाना नव्हते. डॉक्टर पंखा घेऊन आले.