दादाची चिमूट

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं भिवंडीचा आमचा जुना कापडाचा कारखाना आठवला. मी तिथे सुताच्या कांड्या भरायचे आणि माझा थोरला भाऊ लूम चालवायचा. ड्युटी सुटली की दादा थेट व्यायामशाळेत.

लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे खुणांनी बोलत. अंगठा आणि बोटाची चिमूट चोळून दाखवली की समजायचं, तुटलेल्या धाग्याला गाठ मारली, आता लूम चालू करा.

दादा देशाकडून परदेशात शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरला, त्या दुपारी शेठनं सगळे लूम थांबवून टीव्ही लावला. पोझ देता देता दादाच्या पायात गोळा आला. तो वाकला. मग तो हळूहळू ताठ झाला, हसला आणि त्यानं चिमूट चोळली.

"गाठ मारली!" आम्ही सगळे ओरडलो. पदक हुकलं, पण एवढ्या लांबून त्यानं आम्हाला खूण केली, याचंच मला कौतुक.

तो परतल्यावर मी विचारलं, "दादा, ती खूण आमच्यासाठी ना?"

"न्हाय गं. पायाला सांगत होतो."

तेव्हा मी रुसले होते. आता दुखरा गुडघा घेऊन मशीनवरून उठताना माझीही चिमूट आपोआप चोळली जाते.