कलई उडालेला गंज

कामठा गावात कुणाच्या घरची भांडी नीट घासलेली नाहीत, हे मंदाबाईला न विचारता ठाऊक असायचं, आणि न विचारता ती ते सांगायचीही. स्वतःचा पितळी गंज, म्हणजे कढी-वरणाचं मोठं पातेलं, तर ती चिंच आणि राख लावून आतून-बाहेरून असा घासायची, की त्यात तोंड दिसावं. आता पितळेचं भांडं आतून पिवळंधमक दिसायला लागलं म्हणजे त्याची आतली कथलाची कलई उडाली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मंदाबाईला मात्र त्यात आपलं कसब दिसायचं.

ही गोष्ट १९५४ सालची. धानाची मळणी आटोपली होती आणि दुसऱ्या दिवशी खळ्यावर राबलेल्या माणसांची पंगत होती. मंदाबाईनं आदल्या संध्याकाळीच आंबट ताकाची कढी केली आणि त्याच गंजात झाकून ठेवली. सून वच्छला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, हळूच म्हणाली, "मामी, याची कलई गेली हाये जी. कढी कळकंल. मडक्यात काढू का?"

"तुह्या माहेरी भांडे घासत नसतील," मंदाबाई फणकारली. "उद्या चांगली उकळी आणजो. मंग काही होत नाही."

उकळी फुटली की सगळा दोष जातो, अशी तिची पक्की समजूत. वच्छलानं सांगितल्याप्रमाणं कढी खळखळ उकळली. पंगत उठून तासही झाला नसेल, माणसं ओकायला लागली. म्हातारे सुखराम तर तीन दिवस अंथरुणाला खिळले. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब.

"कढी कोणं गरम केली?" शेजारच्या रुख्मानं विचारलं.

"सुनेनं," मंदाबाई म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. वच्छलानं एकदा सासूकडे पाहिलं आणि खाली मान घालून पत्रावळी उचलू लागली.

झालं! वच्छलाच्या हातचं पाणीही कुणी पिईना. मंदाबाईनं गंज कोंड्याच्या ढिगात दडवून ठेवला. आज बोलू, उद्या बोलू, असं ती रोज ठरवायची. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढे केला की शरमेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तोंड म्हणून उघडत नव्हतं. दुसऱ्यांच्या भांड्यांवर गावभर चालणारी जीभ ती हीच.

आठव्या दिवशी वच्छलाचा भाऊ सेवकराम माहेरच्या मुर्री गावाहून बैलबंडी घेऊन आला. "माह्या बहिणीचं नाव खराब होऊन राहिलं इथं," तो म्हणाला. "नेतो तिले. आता धाडत नाही." वच्छला गाठोडं बांधायला लागली.

त्याच सकाळी समोरच्या चिंचेखाली कलईवाल्या छोटेलालनं भाता लावला होता आणि बाया भांडी घेऊन जमल्या होत्या. मंदाबाईनं कोंड्यातून गंज ओढून काढला आणि नेऊन त्याच्यासमोर ठेवला.

छोटेलालनं आत डोकावून पाहिलं. "माँजी, इसमें तो कलई बची ही नहीं। खट्टा मत रखना, जहर हो जाएगा।"

सगळ्या बाया गंजात डोकवायला लागल्या. पदर ओढून घरी पळावं, असं मंदाबाईला वाटलं. पण सेवकरामची बंडी जुंपलेली दिसत होती.

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "कढी याच्यातच होती. घासून घासून कलई मीच काढली. पोरगी सांगून राहिली होती, मी आयकलं नाही. आन् वरून नाव तिचं सांगितलं."

"मंग आठ दिवस काऊन नाही बोलली, बाई?" रुख्मानं विचारलं.

मंदाबाई तिथंच मातीत बसली.

सेवकरामनं सगळं ऐकलं होतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. वच्छलानं गाठोडं उचलून आत नेऊन ठेवलं, तेव्हा त्यानं बैल सोडले.

संध्याकाळी नव्या कलईच्या पांढऱ्याशुभ्र गंजात वच्छलानं ताजी कढी केली. रुख्मा मुद्दाम जेवायला येऊन बसली होती. वच्छलानं सगळ्यांच्या आधी सासूला वाढलं. "गरम हाये, मामी. फुकून खा जी," एवढंच ती म्हणाली.

सुनेनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मंदाबाईला बरं वाटलं असतं. तिनं मान खाली घातली आणि ती कढी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.