चौघांच्या नावाचं मुखत्यारपत्र

बाईआत्याला कोणाचंही नाव गाळता येत नसे. घरातल्या लग्नाची पत्रिका छापायची म्हटली की मजकूर तिच्याकडे जायचा आणि परत यायचा तेव्हा त्यात सगळे काका, मामा, मावसे वयाच्या क्रमाने बसलेले असायचे. नवरानवरीची नावं उरलेल्या जागेत. छापखानेवाला कुरकुरला तर म्हणायची, "एकाचं नाव राह्यलं तर तो जल्मभर बोलनार नाई. तुह्यं काय जाते? अक्षर बारीक कर."

ती माझ्या वडिलांची बहीण. अमरावतीत शाळेवर होती, म्हणून गावाची बाई आणि आमची आत्या. लग्न केलं नाही. राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर तिचा स्वतःचा फ्लॅट होता. खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या दिवसभर घरघरत, आणि ती गॅलरीत उभी राहून त्यातल्या निम्म्यांना नावाने हाका मारी. माझ्याकडे अकोल्याला आली की तिचा जीव रमत नसे.

सत्तरी ओलांडल्यावर तिनेच विषय काढला. "उद्या मी खाटेवर पडली तं माह्यं बँकेचं, घराचं कोण पाहीन?" मला हायसं वाटलं. मुखत्यारपत्र करायचं ठरलं, म्हणजे तिच्या वतीने दुसऱ्याला सही करता येईल. मी म्हटलं, कोणा एकाचं नाव घाल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरल्या पंगतीतून कोणाला उठवायला सांगितलं. शेवटी चारही भाच्यांची नावं पडली: थोरला प्रभाकरदादा, पुण्याचा सुधीर, मी, आणि चांदूर रेल्वेला शेती पाहणारा गजू. अर्थातच वयाच्या क्रमाने.

वकिलांनी विचारलं, "सह्या चौघांनी मिळून करायच्या, की कोणीही एकाने केली तरी चालेल? माझं ऐकाल तर एकाची पुरे ठेवा."

"मिळूनच," आत्या म्हणाली. "एकट्यानं कावून? आमच्या घरात काय फूट पडली?"

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला. वकिलांनी तसं लिहिलं, आणि त्याच टेबलावर आमचं सगळं नासलं.

पुढे ती बाथरूममध्ये पडली. फोन मला केला. माझी बायको कशी आहे, मुलीचा पेपर कसा गेला, शेजारच्या काकूंचा मोतीबिंदू निघाला का, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "बरं आयक, मी पडली. उठता येऊन नाई राह्यलं." खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण जिने कायमचे बंद झाले. मी तिला अकोल्याला आणलं.

तिला राजापेठेतच परत जायचं होतं, दुसरं काही मागतच नव्हती. नशिबाने तिच्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट विकायला निघाला. वरचा विकायचा, खालचा घ्यायचा. वरच्याला गिऱ्हाईकही होतं. अडलं ते फक्त आमच्या सह्यांवर.

प्रभाकरदादा म्हणाला, खाली ऊन येत नाही, जरा विचार करू. सुधीर म्हणाला, दिवाळीला येतोच आहे. गजूचं आणि दादाचं बांधावरून बोलणं बंद होतं. "दादा ज्या टेबलावर सही करीन, तिथं मी येत नाई," गजू म्हणाला. मी फोन करकरून थकलो. हात जोडले, शिव्याही दिल्या. या शिकल्यासवरल्या माणसांना एक म्हातारी तिच्या घरी न्यायची होती, आणि ते जमत नव्हतं.

शेवटी मी तिलाच म्हटलं, "आत्या, तू चांगली शुद्धीत आहेस. सही तूच कर. अर्ज केला की रजिस्ट्रीवाले घरी येतात."

"आता मीच सही केली तं लोक म्हनतीन, पोरायनं काही केलं नाई."

"नाहीच केलं, आत्या."

"थेच तं लोकायले कळू नाई द्यायचं," ती म्हणाली आणि कूस बदलायला माझा हात मागितला. मला तिचा इतका राग आला की मी तिला कुशीवर वळवून तसाच बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो.

दिवाळीच्या आधीच खालचा फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतला. ते ऐकून ती दिवसभर जेवली नाही. त्यानंतर राजापेठेचं नाव तिने काढलं नाही, आणि उन्हाळ्यात आमच्या बैठकीतल्या खाटेवर गेली. ती तिथे मेली, हे मला आजही सहन होत नाही.

तेराव्याला तिच्या शाळेतल्या जुन्या बाई अमरावतीहून आल्या होत्या. आम्हा चौघांना एका ओळीत बसलेलं पाहून त्यांना भरून आलं. "पोटच्या पोरांनी केलं नसतं इतकं केलं तुम्ही तिचं," त्या म्हणाल्या. प्रभाकरदादाने मान डोलावली. सुधीरने डोळे पुसले. गजू ताटात पाहत राहिला. सगळं ओठांवर आलं होतं माझ्या.

"जेवून जा बाई," मी म्हणालो, आणि त्यांना वाढायला उठलो.