तोंडावरचा टॉवेल

हे मी कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय.

शहाद्याला एका दवाखान्यात मी झाडलोट करते. बायकांना तपासताना डॉक्टर मला आत उभं करतात. मी चौथी शिकलेली, तोंडातून शब्द निघत नाही. पण डोळे? डोळे सारखे त्यांच्या मोबाईलवर. पेशंट गेला की ते त्यात काही लिहीत, कधी गालात हसत. कोणाला काय दाखवतात हे? — माझ्या मनात पाल चुकचुकायची.

मग कळसाडीकडची संगीता आली. तान्ह्या पोराची आई, छातीत गाठ. डॉक्टर म्हणाले, "ताई, हिच्या तोंडावर टॉवेल टाका." मी टाकला. त्यांनी गाठीचा फोटो काढला.

तोंड कशाला झाकायचं? झाकून करतात ते चोरीचंच काम ना? — माझं ठरूनच गेलं.

बाहेर तिची सासू नातवाला घेऊन बसली होती. मी तिच्या कानाशी लागले. "आक्का, डॉक्टर तुन्ही सूनना उघडा फोटू काढी ऱ्हायना."

"काय सांगस, माय!" ती उठली आणि सुनेला हाताला धरून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी, संगीताला लगेच बोलवायला हवं म्हणत डॉक्टरांनी मला मोबाईल दाखवला. त्यांचा डॉक्टरांचाच ग्रुप होता. अवघड दुखणं आलं की तिथे फोटो टाकून विचारायचं, एकमेकांकडून शिकायचं. बाई ओळखू येऊ नये म्हणून तोंड झाकायचं. एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं — ही दुधाची गाठ वाटत नाही, लगेच तुकडा काढून तपासा.

"ती अशी निघून का गेली हो, ताई?"

"माहीत नाही, साहेब." मी फरशी पुसत राहिले.

त्यांनी फोन लावले, कोणी उचलले नाहीत. मला म्हणाले, निरोप घेऊन जाता का? मी म्हटलं, घर पाहिलेलं नाही. पाहिलेलं होतं — माझ्या माहेरच्या वाटेवरच आहे. पण गेले असते तर माझं नाव निघालं असतं.

पुढे त्याच गाठीने संगीता वारली.

डॉक्टरांनी फोटोआधी तिला विचारलं नव्हतं, हे खरं. आजही त्यांचा मोबाईल निघाला की माझा जीव वरखाली होतो. पण मी तरी कुठे विचारलं — त्यांना, नाहीतर तिला?

नातवाला ताप-खोकला झाला की सासू त्याला आमच्याच दवाखान्यात आणते; पोराला कसली लाज, म्हणते. माझे उपकार म्हणून मेथीची जुडी आणते. म्हणते, "तुन्हामुये सूननी लाज वाचनी, माय."

मी जुडी घेते.