निरगुडीचं कुळ

निरगुडी घाणेरीच्या कुळातली नाही. तरी त्याच नावाखाली काल ती बुंध्यापासून तोडली.

आज आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी नैवेद्य दाखवला आणि मग मोबाईल घेऊन बसले. राग आला आहे, म्हणून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे, भिकनआप्पा, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं होते. गुडघे गेले तेव्हा इथे डिंडोलीत एका शाळेच्या औषधी बागेत माळी म्हणून लागले.

त्यांचं शिक्षण चौथी. माझं सातवी. बाकी जे वाचलं ते दोघांनी मिळून, दुपारच्या जेवणानंतर. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

बागेत प्रत्येक झाडापाशी पत्र्याचा बोर्ड होता. वर झाडाचं नाव, खाली कुळ.

निरगुडीच्या बोर्डावर होतं व्हर्बिनेसी. सागाच्याही तेच. म्हणजे घाणेरी ज्या कुळातली, ते.

ह्यांनी वाचलं की हे आता जुनं झालं. वाचून पटलं नाही, म्हणून बघायला गेले. मलाही नेलं. मिलमधलं कापडाचे धागे मोजायचं भिंग त्यांच्या खिशात असायचंच.

"हात लाव. निरगुडीची कोवळी फांदी कशी लागते?"

"चौकोनी."

"पानं?"

"समोरासमोर."

"आता घाणेरी बघ."

"हिचंही तसंच. मग एकच कुळ ना?"

"तुळशीचंही तसंच असतं, बाई. रोज पाणी घालतेस, कधी बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं.

मग भिंग माझ्या हातात दिलं. फुलं दोघींची लहान, खाली नळी, वर चार-पाच पाकळ्या. पण घाणेरीच्या गुच्छात कडेची फुलं आधी उमललेली आणि मधे अजून कळ्या. निरगुडीच्या तुऱ्यात छोटे छोटे झुबके, आणि प्रत्येक झुबक्यात मधलं फूल आधी.

ह्या उमलण्याच्या रीतीवरून, आणि नंतर पेशींच्या आतलं नातं तपासून, निरगुडी, साग, शिवण, भारंगी ही सगळी तुळशीच्या कुळात गेली. व्हर्बिनाच्या घरात उरली घाणेरी, जलपिंपळी, कुंपणाला लावतात तो ड्युरांटा.

जुन्या मराठी पुस्तकांत ह्या कुळाला सागाचं कुळ म्हणतात. आणि सागच तिथून उठून गेला. ह्याचं ह्यांना फार हसू यायचं.

ह्यांनी दोन्ही बोर्ड बदलले.

बागेचं बघणारे साहेब आले. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "भिकन, तेरे को माली रखा है कि मास्टर?"

"साहेब, फूल देख लो. काच है मेरे पास."

"तू पानी डाल. सोमवार तक जैसा था वैसा कर. नहीं तो मिल है तेरी."

एकानेही भिंगातून बघितलं नाही. बघायला किती वेळ लागतो?

परवा शाळेच्या ग्रुपवर त्याच साहेबांचा मेसेज आला. घाणेरीची फळं मुलांनी खाल्ली तर त्रास होतो, म्हणून त्या कुळातलं सगळं काढून टाका.

घाणेरी काढा. माझी हरकत नाही.

पण काढणाऱ्या माणसांना झाडं ओळखू येत नाहीत. ते बोर्ड वाचत वाचत गेले.

काल मी पोचले तेव्हा निरगुडी आडवी पडली होती. आमच्या गल्लीतली अर्धी माणसं दिवसभर मिलमध्ये उभी असतात. पायांना शेकायला ह्याच झाडाचा पाला न्यायची.

"मासी, बोर्ड पर जे लख्युं छे ए ज काप्युं," कापणारा माणूस गुजरातीत म्हणाला. बोर्डावर होतं तेच कापलं, त्याची काय चूक?

साग वाचला. त्याला तोडायची परवानगी लागते.

मी साहेबांना फोन लावला.

"अरे बेन, दूसरा लगा देंगे."

"कौनसे कुल का लगाओगे, साहेब?"

"गुस्सा मत करो. भिकनभाई के नाम का बोर्ड भी लगा देंगे."

जिवंत होते तेव्हा भिकन. आता भिकनभाई.

मी म्हटलं, नाव नको. खुंट राहू द्या, निरगुडी खुंटातून परत फुटते. उद्या दहाला तो उपटायला जेसीबी येणार आहे, तेवढा थांबवा.

"देखते हैं," म्हणाले आणि फोन ठेवला.

इथपर्यंत साहेबांवर लिहिलं. आता माझ्यावर.

तो सोमवार उजाडला तरी ह्यांनी बोर्डांना हात लावला नव्हता. दोन्ही घरी आणून दाराशी टेकवून ठेवले होते. म्हणाले, "डोळ्यांनी बघितलंय. खोटं लिहायला हात जात नाही."

मी म्हटलं, "जाऊ द्या ना. आपले काय करनं से?"

ते अंघोळीला गेले. मी ब्रश घेतला आणि दोन्हींवर व्हर्बिनेसी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. लांबूनही वाचता येतं.

बाहेर आल्यावर त्यांनी बघितलं. बोर्ड सायकलला बांधले आणि गेले.

काल त्या माणसाने वाचलं ते माझं अक्षर होतं.

उद्या नऊपासून मी खुंटापाशी बसणार आहे. साहेब आले की जे घडलं ते त्यांना सांगेन, बोर्ड कोणी लिहिला तेही. ज्यांच्या घरी त्या झाडाचा पाला आला आहे, त्यांनी जमलं तर येऊन बसावं.

अहो, तुमचं बरोबर होतं. भिंगातून मीही बघितलं होतं.

वर्षाच्या दिवशी तुमच्या पायांवर डोकं ठेवते.