आधी चष्मो पुसल्यान

मिहीर, तन्वी, सुट्टीत आलात की दर वेळी विचारता, आजी, स्वयंपाकघराच्या दारामागे हा काळा फळा कशाला? मी "सुमतीआजीचा आहे" एवढंच सांगत आले. सुमती गेल्या महिन्यात गेली. डिचोलीहून तिच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी पूर्ण निवडली, देठं टाकून आले आणि मगच खुर्चीत बसले. माझ्या या शिस्तीची तुमची आई चेष्टा करते. पण त्या शिस्तीनं एकदा काय केलं, हे फक्त सुमतीला ठाऊक होतं. आता माझ्याखेरीज कोणालाच नाही, म्हणून लिहिते.

भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. मराठी की कोंकणी, यावरून घराघरांत अबोले धरले गेले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, सुमती मराठी. शिवाय ती सायक्लोस्टाइल यंत्रावर एक चार पानी पाक्षिक काढायची. हात कोपरापर्यंत शाईनं माखलेले, पदरालाही शाई. एका सकाळी आंदोलकांनी रस्त्यावर झाडं आडवी घातली आणि आमच्या भाटकाराची जीप अडकली. निम्मं गाव त्याच्या जमिनीवर राहायचं, शाळेच्या समितीचा अध्यक्षही तोच. रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक जीपमध्ये असायची. ती त्यानं गर्दीवर झाडली. मेला तो विश्राम, सावंतवाडीकडून खनिजाच्या ट्रकवर कामाला आलेला. त्याचा आंदोलनाशी काही संबंध नव्हता. चहाच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाव-भाजी खात होता... पोलिसांनी लिहून घेतलं, बंदूक उतरवताना चुकून उडाली.

सुमतीनं खरं काय ते छापलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी यंत्र "तपासणीसाठी" नेलं, ते परत आलंच नाही. मग ती दारोदार फिरली. पाच जण बोलायला तयार झाले. पाचही जणांची घरं भाटकाराच्या जमिनीवर, तरी बोलले. त्यातली भागीरथी, भाजी विकणारी म्हातारी, म्हणाली होती, "तेणी आधी चष्मो पुसल्यान, मगे बंदूक धरल्यान." सुमतीनं सगळं वहीच्या कागदांवर जसंच्या तसं उतरवलं आणि माझ्याकडे आणून दिलं. चौकशीला पणजीहून मोठा अधिकारी येणार होता, त्याच्यासाठी इंग्रजी प्रत हवी होती.

मी दोन दिवस बसून पाचही जबाब टाइप केले. खाडाखोड नाही, समास सारखे, वाक्यं नेटकी. भागीरथीच्या चष्म्याचं मी इंग्रजीत केलं, "त्यांनी जाणीवपूर्वक नेम धरला." तेच वाक्य मला इतकं पटलं की बाकी चौघांच्या जबाबांतही बसवलं. सुमतीनं पानं चाळली. "अगो शालन, तू साक्षी लिहिल्यास की मुलांचे निबंध तपासलेस?" मी हसले. पक्की प्रत झाली की कच्चे कागद घरात ठेवायचे नाहीत, ही माझी सवय. ते मी न्हाणीच्या चुलीत घातले.

अधिकाऱ्यानं पाचही पानं शेजारी शेजारी मांडली. "बाई, पाच जणांनी पाहिलं, पण तोंड एकच कसं? मूळ टिपणं दाखवा."

"पक्की प्रत झाल्यावर मी कच्चे कागद ठेवत नाही," मी म्हणाले.

"शिस्तीच्या आहात," तो म्हणाला आणि पानं मिटली.

मग साक्षीदारांना एकेकटं बोलावलं, तेही भाटकार समोर बसलेला असताना. पाचही जणांना काही आठवेना. भागीरथी तर म्हणाली, मला लांबचं दिसतच नाही. बाहेर पडल्यावर सुमती माझ्यासोबत बस थांब्यापर्यंत आली. मग म्हणाली, "न्हाणीचं पाणी तरी बरं तापलं ना गो?" त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

सुमतीला शाळेतून काढलं. मला ठेवलं, इंग्रजी शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढे घटक राज्य झालं, फटाके वाजले, पेढे वाटले. समितीच्या बैठका मात्र भाटकाराच्याच घरी होत राहिल्या. भिंतीवर ती बंदूक, तिच्याखाली तो, समोर माझा चहा. सही करण्याआधी तो चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसायचा... निवृत्त होईपर्यंत मी ते पाहिलं. उठून जाता आलं नाही. तुमच्या आजोबांचं आजारपण होतं, तुमची आई शिकत होती. ही कारणं खरी आहेत, तरी लिहिताना ती मला पुरेशी वाटत नाहीत.

सुमतीनं एक फळा मिळवला आणि चहाच्या दुकानावर टांगला. रोज सकाळी गावाची बातमी आणि तळाला भागीरथीचं ते वाक्य. पोलीस शिपाई येऊन ओल्या फडक्यानं पुसायचा. "बाई, खडू तरी बरा वापरा, माझे हात खाजतात." "मग पुसू नको," सुमती म्हणायची आणि तो गेला की पुन्हा लिहायची.

रस्ता रुंद झाला, दुकान गेलं. तेव्हा ती फळा रिक्षात घालून माझ्याकडे आली आणि न विचारता दारामागे टांगला. दर वर्षी गणेश चतुर्थीला यायची, पुसट झालेली ती ओळ पुन्हा गिरवायची, मग नेवऱ्या खायची. यंदाही येऊन गेली. हात थरथरत होता, म्हणून "पुसल्यान" जरा खाली घसरलं आहे.

फळा दारामागेच आहे. शब्द भागीरथीचे, अक्षर सुमतीचं. मी त्यात काहीही सुधारलेलं नाही.