थोरल्याकडे जेवायला

आमच्या सिस्टर नवऱ्याला नावानं हाक मारत. दाराआड नव्हे, भर रस्त्यात, भाजीवालीसमोर, माझ्या सासऱ्यांच्या देखत. "विल्सन, येताना दूध आण रे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी धुणं वाळत घालत होते, हातातलं लुगडं तसंच मातीत पडलं. आमच्या गल्लीत तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या ते उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. आणि ही बाई चक्क 'रे' म्हणते! त्याहून कहर म्हणजे विल्सनमास्तर "आणतो गं" म्हणून पिशवी घेऊन निघालेसुद्धा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. जळगावात मेहरूणला आमचं घर, घरामागे थोडं चालून गेलं की आमचा केळीचा मळा, आणि शेजारी सिस्टरांचं भाड्याचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. रूबेन आणि रूथ ही दोन मुलं. मी नवी नवरी, आणि त्या घरात डोकावून रोज एकदा हबकायचं हा माझा नेमच होऊन बसला होता. मास्तर पोळ्या लाटायचे, त्याही गोल. मुलं बापाच्या पाठीवर बसून जेवायची. संध्याकाळी नवराबायको शेजारी बसून एका वहीत बघून गाणी म्हणायचे. मी खिडकीतून बघायची आणि आपलीच आपल्याला लाज वाटून आत पळायची.

सिस्टरांच्या जिभेला लगाम म्हणून नव्हता. माझ्या सासऱ्यांना, नानांना, अख्खं गाव दबकून असायचं. सिस्टरांनी एकदा त्यांना ओट्यावर सगळ्यांपुढं सांगितलं, "नाना, ही तंबाखू आज थुंका, नाहीतर उद्या तोंड घेऊन माझ्याकडे यावं लागेल." आम्ही सगळे श्वास रोखून उभे. नाना मुकाट्यानं उठले आणि थुंकून आले. सिस्टरांचं म्हणणं असे, "मनात ठेवून काय करायचंय? जे आहे ते बोलून टाकावं आणि कामाला लागावं." त्या लागतही. समोरचा मात्र दिवसभर कामाचा राहत नसे.

आमच्या घरात नेमकं उलट. माझं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच झालं, माहेरी जायच्या आधीच, घरी. मुलगी झाली आणि काही घटकांत गेली. मी तापानं ग्लानीत होते. शुद्धीवर आले तोवर तिला नेलं होतं. कुठं नेलं ते कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारायचं हेही मला कळेना. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, घरात तो विषयच बंद करून टाकला. कुणी बोलायला लागलं की त्या हात वर करायच्या, की संपलं. मला पुन्हा दिवस जातील, सगळं नीट होईल, असं जो तो म्हणायचा. मला मात्र एकच हवं होतं: माझी मुलगी कुठं आहे ते कळायला हवं होतं. मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

पाऊस संपून दसऱ्याच्या आसपास ऊन कोवळं झालं की सिस्टरांच्या अंगात वारं शिरे. दर रविवारी चर्चमधून आले की कपडेसुद्धा न बदलता सगळे डबे घेऊन बाहेर. "देवानं एवढा चांगला दिवस दिला आणि आपण घरात बसून चादरींच्या घड्या करायच्या होय?" त्या वर्षी त्यांनी मलाही ओढायला सुरुवात केली. मेहरूणच्या तलावावर गेलो, तर सिस्टर साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरल्या. काठावरच्या बायका बघतच राहिल्या. मास्तर माउथ ऑर्गन वाजवत होते. भजी काढल्यावर आधी प्रार्थना. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि रूबेन एक डोळा किलकिला करून मोठं भजं कुठलं ते हेरून ठेवत होता. खूप दिवसांनी मी तिथं हसले, आणि हसले म्हणून घरी येऊन रडले.

पुढच्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "या रविवारी धुळ्याला चल. थोरल्याकडे जेवायला." मला वाटलं, मास्तरांचा थोरला भाऊ असेल. सिस्टरांनी लगेच सांगून टाकलं: आधी त्या धुळ्याला नोकरीला होत्या, तिथं पहिला मुलगा झाला, दानिएल. आठवडाभर जगला. त्याची कबर तिथं आहे. पावसानं गवत माजतं, ते काढायचं, चुना लावायचा, आणि तिथंच जेवायचं.

मसणात जेवायचं! माझ्या अंगावर काटाच आला. असं कुणी करतं का? पण नाही म्हणायला तोंड उघडेना. घरी अक्कांना खरं ते सांगितलं आणि वादळाची वाट बघत उभी राहिले. अक्का धुळ्याकडच्या खेड्यातल्या, त्यांच्या तोंडात माहेरची अहिराणीच. गव्हातले खडे काढता काढता त्या एवढंच म्हणाल्या, "जाय. पन आंग धोईसन घरमा ये." अंघोळ करून घरात यायचं, बस्स. मला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

एसटीनं धुळ्याला गेलो. गावाबाहेरचं ते कबरस्तान, कमरेएवढं गवत. मास्तरांनी विळा चालवला, सिस्टरांनी चुन्याचा हात फिरवला, मुलांनी क्रूस फडक्यानं पुसला. मग सतरंजी अंथरली, प्रार्थना झाली आणि डबे उघडले. रूथचा दात पडला होता. तिनं कबरीशी वाकून, ओठ वर करून, ती खिंड भावाला दाखवली. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटत होता. या बाईला आपल्या लेकराचा पत्ता माहीत होता.

सिस्टर मला सांगत होत्या, "आठवडाभर नुसता रडत होता गं. आवाज अगदी बापासारखा, बेसूर." आणि मग, लोणचं वाढता वाढता, "तुझी कुठं आहे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

त्यांचा हात तसाच थांबला. "माहीत नाही म्हणजे?" मी होतं ते सांगितलं. त्या वर्षभरात पहिल्यांदाच मी सिस्टरांना चिडलेलं पाहिलं. त्या लालबुंद झाल्या, काही बोलणार तेवढ्यात मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. परतताना एसटीत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर मी धीर करून यांना विचारलं. हे म्हणाले, नानांनी आणि गड्यानं नेलं होतं, मी गेलो नाही, मला बघवलं नसतं. नानांना विचारायला यांना पाठवलं, तर "आता ते कशाला?" एवढंच उत्तर आलं. तिथंच सगळं अडकलं.

आणि दिवाळीनंतर सिस्टरांच्या बदलीची ऑर्डर आली, पिंपळनेरला. तिथून पुढं त्या आणखी कुठं कुठं गेल्या, काही वर्षं नाताळला कार्ड यायचं, मग तेही थांबलं. पण त्या आठवड्यात मला काही सुचेनासं झालं. जाण्याआधीचा रविवार आमच्याकडे करा, असं मीच म्हटलं. मळ्यात भरीत करू.

सगळे आले. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या, नाना बाजेवर, हे मास्तरांना केळीचे घड दाखवत होते. सिस्टर कांद्याची पात चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि साध्या आवाजात, जणू मीठ कुठं आहे असं विचारावं तसं विचारलं, "अक्का, सुमनची मुलगी कुठं आहे?"

नाना बाजेवर ताडकन उठून बसले. यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता अक्का हात वर करणार, आणि या माणसांशी आमचा संबंध आज इथंच तुटणार.

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. हाताचं पीठ झटकलं. उठल्या आणि माझा हात धरला. "चाल मनासंगे."

विहिरीपलीकडे, बांधाला एक निंब होता. मी त्या बाजूला कधी गेले नव्हते. तिकडं काम गड्यांचं. निंबाखाली हातभर जागा शेणानं सारवलेली होती. सारवण ताजं होतं, बोटांचे ठसे दिसत होते. कडेनं बारीक दगड लावलेले, आणि वर झेंडूची दोन फुलं. मी अक्कांकडे बघत राहिले. नानाही मागून आले होते, आणि ते माझ्याइतकेच चकित झालेले दिसले. पुरलं होतं त्यांनीच, पण अक्का ही जागा जपतात हे त्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तिले चिमी म्हनस." मी तिला चिमी म्हणते. मग, "मना मांडीवर गयी ती. बठ्ठं तोंड तुनं व्हतं. डोयाबी तुनाच." सगळं तोंड माझं होतं, डोळेसुद्धा.

सिस्टर आमच्या मागं उभ्या होत्या. सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावणारी ती बाई मटकन मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रूथनं येऊन त्या फुलांशेजारी हातातली काकडीची फोड ठेवली, आणि अक्कांनी तिला अडवलं नाही.

मी खाली बसले. सारवणावर हात ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कांचा पदर धरून ओढला आणि म्हटलं, "अजून सांगा."